वाटणी

कापडे गावात कुशाबाचं धाकट्या भावाशी, रावजीशी, बोलणं उरलं होतं ते फक्त शेताच्या बांधावर, आणि तेही शिव्यांपुरतं. आपल्याला दमा आहे, हे कुशाबाने भावकीत कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं तर रावजी बांध सरकवायला मोकळा! म्हणून दम्याचा पंप घरी, तांदळाच्या कणगीत लपवलेला. आज मात्र शिवी अर्ध्यावर असतानाच श्वास अडकला. कुशाबा बांधावरच बसला, छातीत शिट्ट्या वाजू लागल्या. रावजी दात खात पुढे आला. त्याच्या कंबरेला कोयता होता, आणि हात नेमका कंबरेकडेच गेला. ओरडायलाही कुशाबापाशी दम नव्हता.

"तोंड उघड, दादा. मी दाबतो, तू आत वढ."

श्वास परत आल्यावर कुशाबाला भावाच्या मुठीतला पंप दिसला. "तुज्याकडं कसा रे ह्यो?"

"बापानं जमीन वाटताना तुला झुकतं माप दिलान. दमा तेवढा दोघांना सारका दिलान." रावजीने पंप पुन्हा कनवटीला खोचला. "हां, तुजी शिवी अर्धी ऱ्हायलीय. पुरी कर."