आत राहिलेली फळी

"साधी गाठ निघाली तर मी सांगेन ते करायचं. चौकात, सगळ्यांदेखत," सलूनवाला म्हणाला.

"आणि ती दुसरी निघाली तर?" गवंड्याने विचारलं. त्याच्या अर्ध्या गालावर फेस होता.

"तर तुझी दाढी जन्मभर फुकट."

"जन्मभर म्हणजे किती, ते आधी कळू दे," बाकावरचा पंक्चरवाला पेपरातून डोकं न काढता बोलला.

कोणी हसलं नाही. मग गवंडीच हसला, म्हणून बाकीचे दोघे हसले.

गाठ पहिल्यांदा कळली ती वस्तऱ्याला. बारा वर्षं तोच जबडा, तोच हात. डावीकडे खाली जिथे वस्तरा उतरायचा, तिथे तो आता चढत होता. गवंड्याचं म्हणणं एकच, तिथली दाढ चार वर्षांपूर्वी उपटली, आता तिथे दात नाही तर डॉक्टरला दाखवू काय, बोळकं? आठ महिने बायकोला तो हेच सांगत होता. तंबाखू तीस वर्षांची, तिच्याबद्दल मात्र तो बोलत नसे. विनवण्या त्याला ऐकू यायच्या नाहीत. पैज लांबून ऐकू यायची. पैजेपायी एकदा तो अख्खा उन्हाळा स्वेटर घालून हिंडला होता.

दातांची डॉक्टर त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिने जबड्याचा एक्स-रे फोटो उजेडावर धरला. हाडात गोटीएवढा काळा गोल.

"काका, दाताचं मूळ तयार होताना त्याच्याभोवती पेशींचं एक आवरण असतं. मुळाला आकार देतं. मूळ झालं की ते फाटतं, विरतं. पण थोडे तुकडे तिथेच राहतात. सगळ्यांच्याच."

"आणि करतात काय?"

"काहीच नाही. नुसते बसून असतात. दात किडला, मुळाशी सूज आली, की कधी कधी वाढायला लागतात. त्याची अशी पाण्याची पिशवी होते."

गवंडी फोटोकडे बघत राहिला. "सेंट्रिंगची फळी," तो म्हणाला.

"काय?"

"स्लॅब सुकला की खालच्या फळ्या काढतात. एखादा तुकडा आत राहतो. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नसतो. ओल लागली की फुगतो."

"अगदी तसंच."

"पण दाढ तर काढली."

"दाढ काढली. फुगलेली फळी आत राहिली."

सोबत आलेल्या सलूनवाल्याने त्याला कोपराने ढोसलं. "बघ, साधी."

"तसं मी अजून म्हटलेलं नाही," डॉक्टर म्हणाली. "दिसतेय तशी. काढून तपासायला पाठवू, आठ दिवसांत कळेल. फोन कुणाला करू?"

"याला करा," गवंडी म्हणाला. "मला आधी कळायला नको."

पिशवी काढली. तोंडात चार टाके पडले. त्यानंतर आठ दिवस तो सलूनकडे फिरकला नाही.

गवंड्याचं स्वतःचं घर गल्लीत सगळ्यात अर्धवट होतं. मागची भिंत सात वर्षं विटा दाखवत उभी होती. टाके घेऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशीच त्याने माल कालवला. भिंत झाली. मग मागच्या दाराचा उंबरा, जिन्याची तुटलेली पायरी, बायकोला पाहिजे होतं ते ओट्यावरचं फडताळ. बायको म्हणाली, जरा दम घ्या. तो म्हणाला, "काही राहायला नको."

नवव्या दिवशी सकाळी सलूनवाला मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. गवंडी खिडकीची कड मारत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. थापी भिंतीवर तशीच टेकवलेली.

"चल," सलूनवाला म्हणाला. "चौकात."

"म्हणजे?"

"म्हणजे हरलास."

थापी तशीच राहिली. आतून बायको हात पुसत बाहेर आली आणि दोघांच्या तोंडाकडे पाहू लागली. "साधीच आहे वहिनी," सलूनवाला म्हणाला. ती तिथेच नव्या उंबऱ्यावर बसली.

पंक्चरवाल्याने सलूनची खुर्ची चौकात आणून ठेवली. भाजीवाल्या उठून आल्या, रिक्षा थांबल्या. सलूनवाला स्वतः खुर्चीत बसला, स्वतःच्या गळ्याभोवती फडकं बांधलं आणि वस्तरा गवंड्याच्या हातात दिला.

"कर."

"काय करू?"

"दाढी. माझी."

"अरे, मी आयुष्यात फक्त भिंती केल्यात."

"मग भिंत समज."

गवंड्याने फेस गिलाव्यासारखा थापला. दोन पावलं मागे सरून, एक डोळा मिटून लेव्हल पाहिली. चौक खिदळला. "दुसरा हात मारायचा राहिला रे," पंक्चरवाला ओरडला.

मग गवंडी वाकला. डाव्या हाताच्या बोटांनी त्याने सलूनवाल्याचा जबडा वर केला, कातडी ताणली, वस्तरा कानाखाली टेकवला आणि थांबला. हसणारे हळूहळू गप्प झाले. सलूनवाला डोळे मिटून बसला होता.

"आधी डोळे पूस," तो म्हणाला. "गळा माझा आहे."