शेवटची लढाई, गिटारवर

एक इयरफोन माझ्या कानात ठेवून दुसरा मी धीर करून सासूबाईंना दिला. लहानपणी खेळलेल्या व्हिडिओ गेममधलं शेवटच्या लढाईचं संगीत मी इलेक्ट्रिक गिटारवर, रॉकच्या ढंगात बसवलं होतं. बाळंतपणानंतरचं माझं हे पहिलंच वादन. रेकॉर्डिंग पाठवलं, तर मित्रमैत्रिणींनी नुसती अंगठ्याची चित्रं पाठवली. बोटांत अजून काही उरलंय का, ते कुणीच सांगत नव्हतं.

सासूबाई भजनी मंडळात पेटी वाजवतात. डोळे मिटून त्यांनी मांडीवर ताल धरला.

"हा गडगडाट कसला गं?"

"राक्षस येतो, आई."

"येऊ दे की. हात तयार आहे तुझा. पण तो आला की लय का पळते? घाबरतेस त्याला?"

"त्याला नाही," मी माझ्या मांडीवरच्या लेकीकडे बोट दाखवलं. "वाजवताना नेमकी त्याच वेळी ही पाळण्यात चुळबुळ करायला लागली होती."

त्यांनी इयरफोन काढला, नातीला कडेवर घेतलं आणि पायांत चपला सरकवल्या.

"आम्ही दोघी तासभर बागेत जाऊन येतो. तू त्याला सावकाश मार."