गाडीमास्तरांचा गुरुवार

तिघी मुलींनी वाद्यांवरचा शेवटचा सूर सोडला, तरी टाळी पडली नाही. कुणाला सुचलंच नाही. वृद्धाश्रमाचा जेवणाचा हॉल एरवी खोकल्यांनी आणि खुर्च्यांच्या करकरीने भरलेला असायचा. आज तिथे चिडीचूप होतं. मग चाकाच्या खुर्चीतल्या एका आजींनी हुंदका दिला आणि टाळ्यांचा असा काही कडकडाट झाला, की स्वयंपाकीण हातातली पळी घेऊन दारात आली.

मागच्या भिंतीला टेकून गाडीमास्तरही टाळ्या वाजवत होते. अगदी मनापासून. त्यांचं अकॉर्डियन पायाशी पेटीत बंद होतं.

मास्तर मोटार चालवायला शिकवायचे, म्हणून इथल्या मंडळींनी त्यांना हे नाव ठेवलेलं. बायको गेली आणि घर खायला उठायला लागलं, तेव्हा त्यांनी एक जुनं अकॉर्डियन घेतलं. बोटं जरा बसल्यासारखी वाटली, तसे ते दर गुरुवारी दुपारी इथे येऊन वाजवायला लागले. शिकाऊ ड्रायव्हरांना ते अभिमानाने सांगायचे, "गुरुवारी माझी सुट्टी. म्हाताऱ्यांसाठी वाजवतो. बिचाऱ्यांना आहे कोण? तेवढीच आपल्या हातून सेवा."

सकाळी मेट्रनबाईंचा फोन आला होता. संगीत महाविद्यालयातल्या तीन मुली दर आठवड्याला यायला तयार होत्या, पण त्यांना गुरुवारची दुपारच मोकळी होती. "आज त्यांना ऐकून मंडळी ठरवतील," बाई चाचरत म्हणाल्या होत्या. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं."

मनाला लावून घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पहिल्या पाच मिनिटांतच मास्तरांना कळून चुकलं होतं. आपलं वाजवणं म्हणजे चढावर बंद पडलेली गाडी धक्का मारून नेणं; आणि या मुली नुसत्या तरंगत होत्या. मास्तरांचं वादन सुरू झालं की पाचव्या मिनिटाला घोरायला लागणारे झोपाळू आजोबा आज टक्क जागे होते. त्यांच्या पांढऱ्या दाढीत पाणी झिरपलं होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

मास्तर पेटी उचलून पुढे आले.

"मुलींनो, काय वाजवलंत! जीव ओवाळून टाकावा असं." मग ते मंडळींकडे वळले. हसायचं ठरवून आले होते, ते जमेना. "आता हात वर करून मतं द्यायची काही गरज नाही. पुढच्या गुरुवारपासून याच येतील. मी आपला... अधूनमधून डोकावत जाईन."

पुढच्या रांगेतल्या हेडबाईंनी काठी जमिनीवर आपटली. उभा जन्म शाळा चालवलेली बाई; नव्वदीतही त्यांच्या काठीने हॉल गप्प व्हायचा.

"मेट्रन, या मुलींना सोमवारी बोलवा."

"सोमवारी डॉक्टर असतात, बाई. मुलींनाही जमणार नाही. गुरुवार, नाहीतर नाही."

हेडबाईंनी मागे वळून पाहिलं. एकेका चेहऱ्यावरून त्यांची नजर फिरली. झोपाळू आजोबांनी मुलींकडे एकदा डोळे भरून बघून घेतलं, मग बाहीने दाढी पुसली.

"मग राहू दे," ते म्हणाले.

"राहू दे, राहू दे," चाकाच्या खुर्चीतल्या आजी म्हणाल्या. एकामागून एक माना हलल्या. मोठ्या व्हायोलिनसारखा चेलो वाजवणारी मुलगी ओठ घट्ट मिटून हसू दाबत होती, आणि तिचे डोळेही भरून आले होते.

मास्तर जागच्या जागी खिळले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"अहो, असं काय करता? यांच्यापुढे मी म्हणजे... तुम्हाला माझं वाजवणं इतकं आवडतं?"

आता मात्र सगळ्यांना एकदम काहीतरी काम निघालं. कोणी चष्मा पुसायला लागलं, कोणी शालीची दशी पिळायला लागलं. झोपाळू आजोबांनी तर डोळेच मिटून घेतले.

"बाई," मास्तर हेडबाईंकडे वळले, "खरं सांगा."

"खरं सांगू? तुझं ते यंत्र सुरू झालं, की मी कानातलं मशीन बंद करते," हेडबाई म्हणाल्या. "हे दाढीवाले झोपेचं सोंग घेतात. आणि ही माझ्या शेजारची कानांत कापूस घालते, तू थांबलास हे कळावं म्हणून माझ्या हाताकडे बघत बसते. मी टाळी वाजवली, की मग ती वाजवते."

हॉलभर खसखस पिकली. मास्तरांनाही हसू फुटलं, पण ते अर्ध्यातच अडकलं. पेटी खाली ठेवून ते जवळच्या खुर्चीत मटकन बसले.

"मग इतके दिवस तुम्ही सगळे दर गुरुवारी पुढच्या रांगा अडवून बसायचात, ते कशासाठी?"

हेडबाईंनी काठी बाजूला ठेवली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"पहिल्यांदा आलास ना, तेव्हा तुझी रया गेली होती रे. आम्ही त्याच दिवशी ठरवलं, या पोराला आपली गरज आहे असं वाटू द्यायचं. तेवढ्यासाठी तरी तो आठवड्यातून एकदा दाढी करून घराबाहेर पडेल."