सपातांची फटफट

भिंतींना कान असतात म्हणतात. त्यानं ते बायकोच्या मोबाइललाच बसवले होते, आणि तिला पत्ता नाही अशी त्याची खात्री होती. ऑफिसात इअरफोन घातला की घर ऐकू यायचं: तिच्या सपातांची फटफट, नळाची धार, भांड्यांची आदळआपट. आजही सगळं नेहमीसारखं ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी घरी आला, तर तिचं कपाट सताड उघडं आणि रिकामं. स्वयंपाकघरातून मात्र सपातांची फटफट येतच होती. तो दबकत आत गेला. गुडघ्यांनी जेरीस आलेली त्याची आई सुनेच्या सपाता घालून येरझाऱ्या घालत होती आणि ओट्यावरच्या मोबाइलशेजारी रिकामं पातेलं ढवळत होती.

"आई, ही कुठंय?"

"सकाळीच गेली. पोचली असेल लांब."

"आणि तू... दिवसभर?"

आईचा चमचा थांबला नाही. "तुझे बाबा कामावर जाताना उंबऱ्यावर पीठ भुरभुरून जायचे. मी बाहेर पडले तर पाऊल उमटावं म्हणून. तेव्हा माझ्यासाठी भांडी वाजवणारं कुणी नव्हतं रे."