काविळीची माळ

"ही माळ कोणी घातली याले?" माळेला कात्री लावत नीलम डॉक्टरनं विचारलं.

"म्या," सुंदराबाई म्हणाल्या. डोळ्यांवर मोतीबिंदूचा जुना काळा चष्मा, नाकावर पदर. "काल. पिवळं दिसलं म्हून. वाया गेली."

जनावरांच्या दवाखान्यातल्या टेबलावर सुनेचं, भावनाचं, लाडकं चिकू आडवं पडलं होतं. भावना त्याला फेरेट म्हणायची, सुंदराबाई घूस. लांबडं अंग, मुंगसाचं थोबाड आणि वास असा, की अमरावती ते अकोला गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्या लागल्या. त्यात ते वाटेत पिवळं ओकलं. शी! आणि ही शिकलेली बया त्याचं तोंड आपल्या ओढणीनं पुसते!

सुंदराबाईंना हल्ली सगळ्याचीच शिसारी येई. फोडणीची, चहाची, सुनेनं तळलेल्या वड्यांची. ताट सरकवून त्या म्हणत, "तुह्या हाताची चवच गेली." मग भावना चिकूला मांडीवर घेऊन मुकाट रडत बसे.

डॉक्टरनं चिकूचा ओठ वर केला. हिरड्या हळद फासल्यासारख्या. पोट भादरलं, वर बुळबुळीत काहीतरी चोपडून मशीन फिरवलं. सुंदराबाईंनी नाकावरचा पदर आणखी दाबला.

"पित्ताची पिशवी फुगली," डॉक्टर म्हणाली. "पित्त काकवीवानी घट्ट झालं, वाट बंद. पिशवी काढली तर जगंल. माळेच्या भरवशावर राहिले असते तर आतच फुटली असती."

भावनानं डोळे पुसले आणि कापलेली माळ उचलली. ही माळ परतवाड्याकडून आणायची, डोक्यावर ठेवायची. गाठी सैल होत ती लांबत जाते. छातीखाली आली की कावीळ उतरली, असं घरात सगळेच मानत.

ही तर माणसाच्या बेंबीपर्यंत आली असती.

"आई, एका दिवसात एवढी लांबली? चिकूच्या गळ्याले तर तीन वेढे होते." भावना जवळ आली. "चष्मा काढा."

सुंदराबाईंनी काढला नाही. भावनानंच काढला. बुबुळांभोवती सगळं पिवळंजर्द.

"माही उतरली वाटलं," सुंदराबाई पुटपुटल्या, "म्हून त्याले देल्ली."

सुंदराबाईंनी त्या टेबलाकडे किळसून पाहिलं.

"त्याचं झालं का पुसून घ्या ते. फिनाईलनं. घुशीच्या जागी पोट दाखवाले मी पुसल्याबिगर नाई झोपत."