बेचाळिसावा शॉर्टकट

नेत्राच्या टेक्स्ट एडिटरमध्ये एक्केचाळीस कीबोर्ड शॉर्टकट होते. तीन वर्षांत एकेक करून तिने स्वतः बसवलेले. राहनाळच्या गोडाऊनचं सगळं काम त्यांच्यावरच चाले. आज विंडोज सोडून लिनक्सवर जायचं होतं, आणि गोडाऊनचे कॉम्प्युटर सांभाळणारा हितेश जुन्या लॅपटॉपवरचा सगळा डेटा पुसायला टपून बसला होता.

नव्या लॅपटॉपवर आणलेले शॉर्टकट तिने दमल्या डोळ्यांनी दोनदा मोजले. “एक्केचाळीस हवेत, बेचाळीस भरले,” ती म्हणाली.

“एक जास्तच आलाय ना, मॅडम? कमी तर न्हाय!” हितेश हसला.

तिने तो अनोळखी शॉर्टकट दाबला. स्क्रीनवर दोन ओळी उमटल्या.

‘एक जास्तच आलाय ना, मॅडम? कमी तर न्हाय!’

‘पुसला, मॅडम.’

“हितेश, थांब! पुसू नकोस!”

“पुसला, मॅडम.”

तिने तोच शॉर्टकट पुन्हा दाबला. या वेळी तीन ओळी आल्या. तिसरी हितेश अजून बोलला नव्हता.