कोंबडीचं ऐकायला हवं होतं

छोटीच्या आवडत्या कार्टूनमधल्या कोंबडीवर आईचा भारी राग. "एकच वाक्य दहादा! पोरांना काय ढ समजतात?" असं म्हणत तिनं सकाळीच टीव्ही बंद केला होता.

संध्याकाळी मॉलच्या गर्दीत छोटीचं बोट सुटलं. आईच्या पायाखालची जमीनच सरकली. हाका मारत तिनं सगळे मजले पालथे घातले, आणि रडकुंडीला येऊन पुन्हा पहिल्या जागी आली. तिथल्याच खांबामागे, खांबाला घट्ट मिठी मारून छोटी उभी होती.

आईनं तिला उराशी कवटाळलं. छोटी मात्र फुरंगटलेली.

"हरवलं की जागेवरून हलायचं नाही, कोंबडीनं दहादा सांगितलंय! तरी तू पळालीसच ना?"